पहिला माउथ ऑर्गन घेताना भोकं नका मोजू, गाणी मोजा

मध्यंतरी भाचीने व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले. एक २४ भोकांचा लांबलचक, एक १० भोकांचा छोटासा आणि एक बाजूला बटण असलेला. खाली मेसेज, "मावशी, २४वाला सगळ्यात स्वस्त आहे आणि भोकं पण सगळ्यात जास्त, मग हाच घेऊ ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण दुकानात उभं राहिलं की कोणालाही तसंच वाटतं, मी पण पहिला तसाच घेतला होता. उत्तर द्यायला मला पाऊण तास लागला. तेच सगळं इथे नीट लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवता येईल.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे बहुतेक लोक माउथ ऑर्गनकडे वळतात ते सिनेमामुळे. शोलेमधली जयची ती संध्याकाळची धून (ती भानू गुप्तांनी वाजवलीय), किंवा १९६४ च्या दोस्तीमधली गाणी, ज्यात लक्ष्मीकांत-प्यारेलालसाठी खुद्द पंचमदांनी (म्हणजे आर. डी. बर्मन) माउथ ऑर्गन वाजवलाय. म्हणजे आपल्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पूर्ण गाणं असतं, मुखडा आणि अंतऱ्यासकट. इंटरनेटवरचे बरेच सल्ले मात्र ब्लूज वाजवणाऱ्यांनी ब्लूज शिकणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात, त्यांची गरज वेगळी आणि आपली वेगळी. हे लक्षात न घेता घेतला की सहा महिन्यांनी तो माउथ ऑर्गन कपाटात जातो.

तीन प्रकार, आणि कशात काय मिळतं

१० भोकांचा तो डायटॉनिक. एका भोकात फुंकलं की एक सूर, हवा आत ओढली की दुसरा, असे एकूण २० सूर. मुठीत मावतो, आवाज सुटसुटीत आणि स्वच्छ, आणि ओठ-जीभ-घशाच्या आकाराने सूर खाली वाकवता येतो, त्याला बेंडिंग म्हणतात. आपल्या गाण्यातल्या मींडीच्या (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) जवळ जाणारा हा प्रकार आहे आणि मला तो फार आवडतो.

२४ भोकांचा असतो तो ट्रेमोलो. आपल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोणी ना कोणी वाजवायचं तो हाच. यात प्रत्येक सुराला दोन रीड (श्वासाने थरथरून आवाज काढणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या) असतात, वर एक खाली एक, आणि त्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित वेगळ्या लावलेल्या असतात म्हणून तो थरथरता, भरलेला आवाज येतो. आता भोकांचा हिशोब बघा. यात फुंकायचं भोक वेगळं आणि ओढायचं वेगळं असतं, म्हणजे २४ भोकांत सूर २४च. १० भोकांत २०, आणि २४ भोकांत २४! आणि त्या चोवीसमध्ये कोमल-तीव्र सूर नाहीत, पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या आहेत असं समजा. ट्रेमोलो मुरलेले लोक सी आणि सी शार्प असे दोन माउथ ऑर्गन एकावर एक धरून वाजवतात, काळ्या पट्ट्या मिळाव्यात म्हणून. बेंडिंग पण यावर जवळपास होत नाही.

बटणवाला तो क्रोमॅटिक. बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्या सुराने वर जातो, त्यामुळे बाराच्या बारा सूर हातात येतात. १२ भोकांच्या क्रोमॅटिकमध्ये ४८ रीड असतात आणि पूर्ण तीन सप्तकं मिळतात. पेटीवर जे वाजतं ते त्या रेंजमध्ये यावर वाजतं. पण महाग, थोडा जड, श्वास जास्त लागतो आणि आत प्लास्टिकच्या पातळ झडपा असतात त्या सांभाळाव्या लागतात.

किमती बदलत राहतात तरी साधारण अंदाज देते. साधा ट्रेमोलो हजाराच्या आत मिळतो. बरा चिनी डायटॉनिक दोन हजारांच्या आसपास, जर्मन-जपानी घ्यायचा तर तीन-चार हजार किंवा थोडे वर. क्रोमॅटिक बरा हवा तर चार-पाच हजारांच्या खाली बघूच नका, आणि चांगल्या ब्रँडचा दहा हजारांच्या पुढे जातो.

आता गाणी मोजा

ही पायरी लोक गाळतात आणि खरं तर सगळा निर्णय इथेच होतो. एक कागद घ्या आणि तुम्हाला मनापासून वाजवायची अशी पाच गाणी लिहा. इतरांना आवडतील अशी नाही, तुम्ही भांडी घासताना किंवा ट्रेनमध्ये गुणगुणता ती. मग मोबाइलवर फुकटचं पियानो ॲप टाका आणि एकेक गाणं एका बोटाने शोधून बघा, फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर बसतंय का. सुरुवात कुठल्याही पांढऱ्या पट्टीपासून करा, एका ठिकाणी नाही बसलं तर दुसरीपासून. पेटी शिकलेलं कोणी घरात असेल तर दहा मिनिटांत काम होतं, नसेल तर रविवारची एक दुपार जाईल, जाऊ दे.

पाचपैकी चार गाणी पांढऱ्यावर बसली तर डोळे मिटून १० भोकांचा डायटॉनिक घ्या. तीन किंवा जास्त गाण्यांत काळी पट्टी लागतेच आहे, विशेषतः अंतऱ्यात, तर तुमचा रस्ता क्रोमॅटिकचा आहे आणि पैसे साठवून थोडं थांबलात तरी चालेल. जुनी हिंदी गाणी आणि नाट्यगीतं वाजवायची इच्छा असलेल्यांचं उत्तर बहुतेक वेळा हेच येतं.

आता ज्यांना रागांची थोडी ओळख आहे त्यांच्यासाठी एक मजेची गोष्ट, कारण ही मला कोणी सांगितली नव्हती, पेटीवर बसून शोधली होती. सी पट्टीच्या डायटॉनिकवर ४ नंबरच्या भोकात फुंकून तिथे सा धरला तर बिलावल मिळतो. पण सा तिथेच धरायला पाहिजे असं कुठे आहे? मूर्च्छना करा, म्हणजे सूर तेच ठेवून सा ची जागा बदला. ४ ओढून तिथे सा धरला की काफीचे सूर. ५ फुंकून सा धरला तर भैरवी. ५ ओढून धरला तर कल्याण, म्हणजे यमनचे सूर तीव्र मध्यमासकट. ६ फुंकून खमाज आणि ६ ओढून आसावरी. वाळकेश्वरला जन्मलेल्या भातखंडेंनी जे दहा थाट मांडले त्यातले सहा थाट या एवढ्याशा बिनबटणाच्या वाद्यात आहेत, बेंडिंग न करता! उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, तेवढे असे बसत नाहीत, त्यासाठी क्रोमॅटिक. त्यामुळे "डायटॉनिकवर हिंदी-मराठी वाजतच नाही" असं कोणी ठासून सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

पण डायटॉनिकची एक खरी अडचण आहे ती पण सांगते. १ ते ३ नंबरच्या भोकांत, म्हणजे खालच्या भागात, सगळे सूर नसतात. सी पट्टीत तिथे म आणि ध गायब आहेत. हॅपी बर्थडे वाजवून बघा, लगेच कळेल. ३ नंबर फुंकून खालच्या प वर सुरुवात केली की प प नंतर जो ध लागतो तो तिथे सापडतच नाही, आणि नवीन माणसाला वाटतं माउथ ऑर्गन खराब आहे. तेच ६ नंबर फुंकून सुरू करा: ६ फुंक, ६ फुंक, ६ ओढ, ६ फुंक, ७ फुंक, ७ ओढ. बसलं. खालचे ते गायब सूर बेंडिंगने काढता येतात, पण ते काही महिन्यांनंतरचं काम आहे.

ट्रेमोलोबद्दल माझं मत विचाराल तर, ज्याला फक्त त्या थरथरत्या आवाजाचंच प्रेम आहे, आजोबांकडे होता म्हणून हवाय, त्याने जरूर घ्यावा, तो आवाज दुसऱ्या कशात नाही. फक्त स्वस्त आहे आणि भोकं जास्त आहेत म्हणून घेऊ नये.

पट्टी कुठली

पहिला सी. गाण्याच्या क्लासच्या भाषेत पांढरी एक. शिकवणारे जवळपास सगळे व्हिडिओ सी मध्ये असतात, आवाज ना फार जाड ना फार चिरका, आणि पेटीबरोबर जुळवायला सोपा. डायटॉनिकवर पट्टी डोक्यावर किंवा बाजूला कोरलेली असते, बॉक्सवर वाचून समाधान मानू नका, उघडून बघा. तुम्ही स्वतः काळी चारमध्ये गाता म्हणून पहिलाच त्या पट्टीचा शोधत बसू नका, न मिळून महिना जाईल आणि शिकायला व्हिडिओ पण जुळणार नाहीत. सोबत गायचंय ते दुसऱ्या माउथ ऑर्गनवर बघू.

आतलं सामान

दोन गोष्टी बघायच्या, बाकी चकाकी सोडून द्या.

एक म्हणजे मधला कोंब (इंग्रजीतला comb), ज्यात भोकं कोरलेली असतात. लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा धातूचा असतो. होनर कंपनीचा मरीन बँड १८९६ पासून आहे, नावाजलेला आहे, लाकडी कोंबाचा, आणि त्याचं कौतुक वाचून लोक तोच मागवतात. पण आपण मुंबईत राहतो. जून ते सप्टेंबर इथे पापड सादळतात, दारं चौकटीत घट्ट बसतात, तिथे थुंकीने ओला होणारा लाकडी कोंब फुगणारच. फुगला की भोकांमधल्या भिंती पुढे येतात आणि ओठाला घासतात. पहिल्यासाठी प्लास्टिक घ्या. त्याच कंपनीचा स्पेशल २० प्लास्टिक कोंबाचा आहे आणि नवशिक्यांना जगभर तोच सुचवला जातो, मी पण सुचवते. सुझुकी, ईस्टटॉप, ली ऑस्कर यांचेही प्लास्टिकचे चांगले मिळतात.

दुसरं म्हणजे स्क्रू आहेत की खिळे. स्क्रू असतील तर उघडून साफ करता येतो, रीडमध्ये कापसाचा धागा अडकला तर काढता येतो. खिळे ठोकलेला एकदा उघडला की परत तसा घट्ट बसवणं नवशिक्याचं काम नाही. जुन्या धाटणीचा मरीन बँड खिळ्यांचाच असतो, हे आणखी एक कारण.

दुकानात

धोबी तलावला जेर महालमध्ये फुर्टाडोज आहे, मेट्रो सिनेमाच्या अगदी जवळ, तिथे एका जागी बरेच प्रकार बघायला मिळतात म्हणून एक फेरी तिकडे मारा, चर्चगेट किंवा मरीन लाइन्सवरून चालत जाता येतं. घेणार दुसरीकडून असाल तरी हातात धरून बघणं महत्त्वाचं आहे, वजन आणि कडा फोटोत कळत नाहीत.

तोंडाला लावून बघू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, तुमच्या आधी दहा जणांनी लावलेला तुम्हाला तरी चालेल का? त्याऐवजी दुकानदाराला विचारा की टेस्ट करायचा भाता आहे का. छोटा हाताने दाबायचा भाता असतो, त्यावर माउथ ऑर्गन ठेवून एकेक भोक वाजवून दाखवता येतं. बऱ्याच ठिकाणी असतो पण मागितल्याशिवाय कोणी काढत नाही. माझा पहिला २४ भोकांचा घेतला तेव्हा मला हे माहीत नव्हतं, एका छोट्या दुकानातून घेतला, घरी येऊन वाजवला तर वरच्या बाजूचे दोन सूर मुकेच. परत गेले तर उत्तर, "तोंडाला लावलेला माल परत नाही." तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पॉकेटमनीतले पैसे होते ते. म्हणून सांगते, पैसे द्यायच्या आधी भात्यावर सगळी भोकं फुंकीची आणि ओढीची अशी दोन्ही प्रकारे वाजवून घ्या, आणि काही निघालं तर बदलून मिळेल का हे बिलावर लिहून घ्या.

भाता नसेल तर निदान नजरेने बघा. उजेडाकडे धरून बाजूने बघा, वरच्या पत्र्यात आणि कोंबात फट दिसते का. बोट हळूच कडेवरून फिरवा, कुठे टोचतंय का. पत्रा दाबून बघा, सहज दबत असेल तर ठेवून द्या.

ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याचं नाव बघा आणि रिटर्नचा नियम आधी वाचा, वाद्यांच्या दुकानांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेला बरा. सेकंडहँड मात्र नकोच.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस

तोंड खळखळून धुवा मगच वाजवा. वडापाव खाऊन लगेच वाजवला तर काय आत जातं ते उघडल्यावर दिसतं. आकडे वरच्या बाजूला आणि १ नंबर डाव्या हाताला असा धरा. मुठीत दोन मिनिटं धरून गरम होऊ द्या.

मग एकेक भोक अगदी हळू. फुंकर म्हणजे फुगा फुगवायचा नाहीये, चष्म्याच्या काचेवर हा करतो ना तेवढाच श्वास. आणि तो पोटातून यायला पाहिजे, गालातून नाही. एका वेळी एकच भोक वाजायला आठ-दहा दिवस लागतात, शिट्टी मारताना करतो तसे ओठ पुढे काढा पण सैल, आणि माउथ ऑर्गन ओठांच्या आतल्या ओलसर भागापर्यंत जाऊ द्या.

आता २ नंबरचं भोक. हे मी मुद्दाम लांबवून लिहितेय कारण दर वेळी हेच होतं. भाचीचा तिसऱ्या दिवशी फोन, "मावशी, दोन नंबर ओढला की आवाजच येत नाही, नुसती हवा, बदलून आणू का?" मी म्हटलं थांब, रविवारी ये. आली, तिच्या हातातला पुसून मी वाजवला, स्वच्छ सूर. परत तिने ओढला, घोगरा आणि खाली पडलेला. होतं काय, की नवीन माणूस जोरात ओढतो आणि नकळत जीभ मागे जाते, घसा आवळतो, मग सूर खाली वाकतो किंवा रीड अडकते. तिला सांगितलं, जांभई देतेयस असं समज, जबडा खाली सोड, आणि गरम चहा बशीतून भुरकताना जेवढी हवा ओढतो त्याच्या निम्मी ओढ. चार-पाच वेळा नाही आला आणि मग एकदम आला, तिचे डोळेच मोठे झाले! त्यामुळे २ आणि ३ ओढताना नीट वाजत नसेल तर वाद्याला दोष द्यायच्या आधी आठवडाभर असं करून बघा. तरी नाहीच, आणि दुसऱ्या कोणी वाजवला तरी नाही, तर मग रीडमध्ये काहीतरी आहे.

सरगम अशी जाते: ४ फुंक सा, ४ ओढ रे, ५ फुंक ग, ५ ओढ म, ६ फुंक प, ६ ओढ ध, आणि इथे सावध, ७ ओढ नि, ७ फुंक वरचा सा. सहापर्यंत आधी फुंकायचं मग ओढायचं असतं, सातला उलटं होतं. सगळे इथे अडखळतात. ध आणि नि दोन्ही ओढूनच आहेत, फक्त भोक बदलतं, एवढं लक्षात ठेवलं की जमतं.

चाळीत किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर रियाजाची वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. दोन्ही हातांची ओंजळ मागे घट्ट बंद केली की आवाज बराच कमी होतो, आणि ओंजळ उघड-बंद करायची सवय पण तिथेच लागते, पुढे कामाची आहे. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून वाजवायला छान वाटतं, मी पण जाते, फक्त घरी आल्यावर लगेच कोरड्या सुती कापडाने पुसा, खारी हवा पत्र्याला चांगली नाही.

सांभाळणं

वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आठ-दहा वेळा हलके आपटा, थुंकी निघते. मग पाच-दहा मिनिटं उघडाच ठेवा, ओला लगेच डबीत कोंबला तर वास येतो. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका, नवीन बुटांच्या खोक्यात येते तीच. प्लास्टिक कोंबाचा डायटॉनिक दोन-तीन महिन्यांनी स्क्रू काढून नुसता कोंब कोमट पाण्याने धुवा, रीडच्या पट्ट्यांवर कापड किंवा ब्रश उलटसुलट घासू नका, रीड वाकली की सूर गेलाच. क्रोमॅटिक पाण्याखाली धरायचा नाही, झडपा खराब होतात. आणि एसीच्या खोलीतून उचलून थेट वाजवला की त्या झडपा ओलाव्याने चिकटून फडफडतात, म्हणून क्रोमॅटिक आधी खिशात किंवा हातात गरम करून घ्यायचाच.

आणि कितीही जवळचं माणूस असलं तरी आपला माउथ ऑर्गन दुसऱ्याला वाजवायला द्यायचा नाही. रविवारी मी भाचीचा वाजवला तो तपासायला, आणि नंतर कोंब धुऊन दिला.

दुसरा कधी घ्यायचा

पाचातली दोन गाणी न अडखळता, न थांबता वाजायला लागली की. तोपर्यंत नको, नाहीतर डबे वाढतात आणि रियाज तेवढाच राहतो. तेव्हा परत तो पाच गाण्यांचा कागद काढा. काळ्या पट्ट्यांसाठी अडतंय असं वाटलं तर क्रोमॅटिक, आणि कोणाच्या गाण्याला साथ करायचीये तर त्यांची पट्टी विचारून त्या पट्टीचा डायटॉनिक. जी म्हणजे पांढरी पाच, हा नेहमीच्या डायटॉनिकमध्ये सगळ्यात खर्जातला, मऊ आवाजाचा, रात्री वाजवायला मला तोच लागतो. भाचीच्या कागदावर चार गाणी पांढऱ्यावर बसली, तिने १० भोकांचा सी घेतलाय, पाचव्या गाण्याच्या अंतऱ्यात एक कोमल नि आहे आणि तो कसा काढायचा हे विचारायला ती या रविवारी परत येतेय.